नानांचा डॅशबोर्ड

आमचे शेजारी नाना कुणाच्याही घरी गेले, की माणसांना नमस्कार करण्याआधी कपाटाच्या दारावरून हात फिरवतात. मग मान हलवतात. "लाकूड चांगलं शे, पन रेघ जमत नही."

नाना अमळनेरच्या एका तेलगिरणीतून निवृत्त झाले. दारात एक म्हातारी विलायती गाडी आहे. तिच्या डॅशबोर्डवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. सुतार त्याला विनियर म्हणतात. स्टिअरिंगकडचा अर्धा भाग उन्हानं फुगून उडाला, डावीकडचा शाबूत राहिला. उजवीकडे नवा तुकडा लावायचा आणि त्याच्या लाकडाची रेघ जुन्याशी जुळवायची, एवढंच काम. ते तीन वर्षं चाललं होतं.

पाचोऱ्याला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही तेच.

"मुलगी बी.एस्सी. झालीय," वडील म्हणाले.

"आणि हा टीपॉय?" नानांनी विचारलं.

लग्न जमलं. रेघ नाही जमली.

शेवटी धुळ्याच्या एका वखारीत रेघ सापडली, तर रंग अडला. गच्चीवर माझ्या बिबड्यांशेजारी, म्हणजे ज्वारीच्या पापडांशेजारी, नानांचे लाकडी नमुने वाळू लागले. प्रत्येकाला चिठ्ठी : 'चपडी लाख, दोन हात.' 'चहा, उकळलेला.' 'चहा, सूनबाईचा.' या शेवटच्याचा रंगच आला नव्हता. बिबड्यांना लाखेचा वास लागला, तेव्हा मी खडूनं हद्द आखून दिली.

रेंगाळलेलं काम मला बघवत नाही. मी यादी केली : जळगावहून एकाच ओंडक्याचे दोन तुकडे आणणे, सुतार बोलावणे, जुनं सगळं काढून नवं लावणे. नाना शिंदखेड्याला लग्नाला गेलेले. गाडीची किल्ली आमच्याकडेच असते. परत येतील तर काम झालेलं दिसेल, असा बेत.

सुतारानं डावीकडे पटाशी टेकवली आणि फाटकातून आवाज आला, "थांब रे! तिले हात लावू नको!"

सुतार येणार हे सूनबाईनं फोनवर सांगितलं, आणि नाना अर्ध्या लग्नातून परतले होते. लग्नघरचा सोफासुद्धा न बघता, हे मला नंतर कळलं. धापा टाकत ते गाडीत वाकले आणि त्यांनी डाव्या कडेवर तळहात ठेवला. हात उचलला, तेव्हा मला दिसलं : लाकडावर बारीक, वाकड्या ओरखड्यांचा झुपका.

"अक्काच्या बांगड्या," ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको. जाऊन चार वर्षं झाली. "मी ब्रेक दाबला, की ती इथं घट्ट धरायची. म्हणायची, तुम्ही गाडी चालवता का बैल हाकता?"

सुतारानं पटाशी पिशवीत टाकली. मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

उजवीकडे धुळ्याचाच तुकडा लागला. रंग जरा फिकटच आहे. नाना म्हणतात, "ऱ्हाऊ दे ताई, होईल जुना."

परवा त्यांनी मला चक्कर मारायला शेजारी बसवलं. पहिल्याच गतिरोधकावर त्यांनी ब्रेक असा दाबला, की मी पुढे फेकली गेले. हात आपोआप डॅशबोर्डकडे गेला.

मी तो मागे घेतला आणि दाराची कडी धरली.