हाक मारली ना?

चोपड्यात नानांच्या मागे कोणी हॉर्न वाजवला, की नाना सायकल थांबवतात. बाजूला घेत नाहीत. आहे तिथंच, रस्त्याच्या मधोमध स्टँडवर लावतात. टोपी नीट करतात, गाडीच्या खिडकीपाशी जातात, काचेवर टकटक करतात आणि म्हणतात, "हा, बोल. हाक मारली ना?"

गाडीवाला गडबडतो. "नाही काका, ते साइड..."

"मग नाव घेऊन मार. माझं नाव पोंऽऽ शे का?"

तोवर मागे चार गाड्या तुंबतात आणि चारही केकाटायला लागतात. नाना मग चौघांकडे जातात, एकेक करून. "हा, तुझं काय काम शे? आणि तुझं?" कोणाला उत्तर येत नाही. बघा ना, इतक्या जोरात हाका मारणाऱ्या एकाकडेही सांगायला काही नसतं.

एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मला हा खेळ रोज फुकटात. वर मला नकला येतात. चालू न होणारी एसटी, सासरी नांदायला तयार नसलेली बकरी, हळदीचा डीजे, सगळं येतं. नानांची नक्कल तर माझी हुकमी. लग्नात "हा, बोल" एवढंच म्हटलं तरी मांडव लोळतो. एकदा मी उत्साहात नानांच्याच दारासमोर डंपरचा हॉर्न काढला. नाना चप्पल घेऊन पार मारुतीपर्यंत मागे आले. एवढं काय चिडायचं, असं मला तेव्हा वाटलं.

नानांचा राग कधी संपत नाही. सकाळी उठल्यावर माणसं चहा घेतात, नाना राग घेतात. "डोयाले झाकन दिधं, कानले नही दिधं," ते म्हणतात. "देवनी चूक शे ती, आन भोगी ऱ्हायनू मी."

या रागापायी त्यांनी एक उद्योग काढला. सातपुड्यात हॉर्न नसलेला रस्ता शोधायचा. घर चोपड्यात, समोर डोंगर, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. इथून हद्दीपलीकडे सायकलवर जायचं आणि एकही पोंऽऽ कानावर पडू द्यायचा नाही. सकाळी भाकरी बांधून निघायचे, संध्याकाळी धुळीनं माखून माझ्या दुकानात यायचे आणि निकाल सांगायचे.

"लासूरकडचा रस्ता बाटला."

"कोणी बाटवला, नाना?"

"वाळूचा ट्रॅक्टर. शेतात चिटपाखरू नाही, समोर मी नाही, कोणी नाही. तरी वाजवला. कोणासाठी वाजवला रे? होल्यासाठी?"

एक हॉर्न ऐकला की रस्ता बाटला. दुसरी संधी नाही. कालव्याची पाटचारी बाटली, केळीच्या बागेतला बांध बाटला, वनखात्याची एक जुनी वाट तर अगदी शेवटच्या वळणावर बाटली. हद्दीवरच्या नाल्यापर्यंत नाना पोचलेले, आणि पलीकडून एक मोटरसायकलवाला वाजवत आला. "अलीकडे आपलं सरकार, पलीकडे त्यांचं," नाना म्हणाले. "बठ्ठ्या गोष्टीत भांडतात. ह्याच्यात मात्र एकमत शे."

मी त्यांना मोबाईलवर नकाशा लावून दिला. मोबाईल म्हणाला, सर्वात जलद मार्ग, हायवे. नाना पेटले. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "मी लवकर कुठं म्हणालो? सांग याले, माले उशीर करना शे."

मग जळगावची सायकलवाली मंडळी आली. नानांची कीर्ती तिकडं पोचलेली. डॉक्टर, वकील, सगळे कातडीला चिकटलेल्या कपड्यांत. 'शांत वाटांची सफर' असं छापलेले टी-शर्ट. नाना खुश. कोणीतरी आपल्यासारखं भेटलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपली राखून ठेवलेली, न बाटलेली वाट दाखवायचं कबूल केलं. मीही गेलो, भाड्याच्या सायकलवर.

डोंगराचा पायथा आला आणि मागून आवाज आला. त्यांची जीप. जीपमध्ये पाणी, ग्लुकोज, कोणाचे तरी सासरे आणि एक स्पीकर. पुढं मोटरसायकलवर उलटा बसलेला फोटोवाला. सायकली जरा हळू झाल्या की जीपवाला हुरूप वाढवायला वाजवायचा. पीप-पीप-पीपीप, लग्नातल्या तालावर.

नाना थांबले. सायकल स्टँडवर. मी म्हटलं, आता "हा, बोल" होणार. पण नाना खिडकीकडे गेलेच नाहीत. पिशवीतून पान्हा काढला आणि जीपचं बॉनेट उघडलं. पाणी प्यायला सगळे थांबले होते, ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत होता. दोन वायरी, एक नट, खेळ खल्लास. हॉर्न पिशवीत टाकून नाना घराकडे वळले. पुढं हद्दीपर्यंत ड्रायव्हर कोरडंच दाबत राहिला आणि डॉक्टरसाहेब म्हणाले, "वा, काय शांतता आहे नाही?"

परत आल्यावर मी विचारलं, "नाना, इतक्या पटकन कसा काढला?"

"आयुष्यभर बसवले, काढता येणार नाही का?"

तेव्हा आठवलं. मी शाळेत होतो तेव्हा हायवेवर नानांचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रकला, डंपरला हॉर्न बसवायचे. तीन सुरांचे, पाच सुरांचे. इंदूरपर्यंतचे ड्रायव्हर नानांकडे यायचे. दुकान अचानक बंद का झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. नानांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या संध्याकाळी नानांनी स्वतःच सांगितलं, जीपचा हॉर्न हातात फिरवत.

"तुझी अक्का माझ्या मोटरसायकलवर मागं बसलेली. डंपरनं मागून हॉर्न मारला. गाडी लागली नाही, नुसता आवाज लागला. दचकून पडली. मांडीचं हाड जुळलं, पण आता गाडीत बसत नाही. रस्त्यावर वाजलं की जिथं असेल तिथं खाली बसते." हॉर्न उलटा करून म्हणाले, "आवाज ओळखला मी. माझ्याच हातचा."

त्यांच्या दारासमोर काढलेला डंपर मला आठवला. 

अक्काचं माहेर डोंगराच्या पलीकडे, हद्द ओलांडली की पहिलंच गाव. पडल्यापासून अक्का एकदाही आखाजीला माहेरी गेलेली नाही. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्याकडे तिचं काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. दिवाळीला लेक आली नाही तर चालतं, आखाजीला आली नाही तर आई दारात बसून राहते. कडुलिंबाला झोके, गाणी, खापरावरचे मांडे, आमरस. अक्काची आई अजून आहे. दर आखाजीला निरोप पाठवते, झोका बांधलाय म्हणून.

"वाट सापडली का मग?" मी विचारलं.

"एक जीपनं बाटवली, दुसरी सापडली. दुसऱ्या केळीतून, वरच्या कालव्यावरून, मग बैलगाडीची वाट. चढण लागली तर मी ढकलीन, ती कॅरिअरवर बसून राहील. कुठंच पोंऽऽ नाही." नानांनी हॉर्न खाली ठेवला. "पण हायवे आडवा शे. तो ओलांडल्याशिवाय डोंगर नाही. पहाटे जा, दुपारी जा, केळीचे ट्रक चालूच." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला तो डंपर येतो ना अजून?"

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मी नानांच्या ओट्यावर. आत अक्का कुरडया घालतेय, बाहेर मी. आधी सायकलची घंटी. मग स्कूटी. रिक्षाला अक्का पीठ टाकून खाली बसली, तर नाना माझ्यावरच ओरडले, "हळू काढ ना, पिंट्या भामट्या. बाई शे ती, टोलनाका नाही." मी पुन्हा घंटीपासून सुरू केलं. गल्लीतली पोरं हसायची. नाना त्यांच्या मागे चप्पल घेऊन जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हा, पुढचा."

एसटीपर्यंत आलो तेव्हा आतून अक्काचा आवाज आला. "एसटी अशी नाही रे. आधी खोकते, मग ओरडते." त्या दिवशी मला ओल्या कुरडईचा चीक मिळाला, तेल घालून. डंपरला मात्र पार आखाजी तोंडावर आली. पहिल्यांदा काढला तेव्हा अक्काच्या हातातलं ताट हललं. पडलं नाही. नाना दारात उभे होते. घामेजले होते ते, अक्का नाही.

आखाजीच्या सकाळी तिघं हायवेला पोचलो. कॅरिअरवर गोधडीची घडी, त्यावर अक्का, नवं लुगडं, मांडीवर पूजेची घागर. नाना सायकल हातात धरून चालत होते. मी मागं, ठरल्याप्रमाणे. गरज पडली तर आधी मी काढायचा, म्हणजे खरा आला तरी सवयीचा वाटेल.

निम्मा रस्ता झाला आणि मी तोंड उघडायच्या आत केळीच्या ट्रकनं मारला. पाच सुरांचा. 

अक्कानं मागं वळूनही पाहिलं नाही. "पिंट्या, बस कर रे भो," ती म्हणाली. "येवढा मोठा नको काढू. बठ्ठे लोक पाहतात."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हात ठेवला. नाना थांबले नाहीत. स्टँड नाही, टोपी नाही, खिडकी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागून हॉर्न वाजला आणि नाना नुसते पुढं चालत राहिले, सायकलीवर एक हात, अक्काच्या पाठीवर एक.

ट्रकवाला थांबला. तो नानांना ओळखत असावा, भांडण येणार म्हणून त्यानं काच खाली केलेली. पण त्याच्या मागे एक पांढरी गाडी होती. तिला काही दिसत नव्हतं. तिनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

पलीकडची केळीची वाट अजून पाच-सात पावलं लांब होती.

माझं डोकं सटकलं. मी गाडीपाशी गेलो, काचेवर टकटक केलं. आतल्या माणसानं काच खाली केली. आवाज मी मुद्दाम काढला नाही, नानांचाच निघाला. या वेळी कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

"हा, बोल. हाक मारली ना?"