दोघांचं जेवण

गर्भवती स्त्रीने दोघांचं जेवावं, याबाबत आपल्या देशात कुठल्याही जातीत, पक्षात किंवा प्रांतात मतभेद नाही. असलाच तर तो एवढाच, की ते दोघे कोण.

म्हैसुरात बन्नीमंटपाच्या अलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या तिरुमलरावांनी हा प्रश्न, आणीबाणी उठली त्या वर्षी, समाधानकारक रीतीने सोडवला होता. तिरुमलराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरी सुटली, पण शिस्त सुटली नाही. घरात जेवणाचा क्रम ठरलेला होता. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग मुलं, मग तिरुमलरावांच्या पत्नी गिरिजाबाई आणि सर्वांत शेवटी सून वेदवती. यात अन्याय काहीच नव्हता. कोणीतरी शेवटी जेवणारच. आणि वाढणारीच शेवटी जेवली, की भांडीही एकदमच घासायला निघतात.

वेदवती दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी तुंगा जन्मली तेव्हा दोन किलोही भरली नव्हती. बरेच दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत होती. (ती बापावर गेली, असा घरचा निष्कर्ष. बाप, म्हणजे बिंदुमाधव, तेव्हा सत्तर किलोचा होता.) म्हणून या खेपेला कसलीही कसर ठेवायची नाही असं सर्वानुमते ठरलं. सर्वांमध्ये वेदवती नव्हती. ती आत कॉफी करत होती.

बन्नूरहून तिचे वडील बसबरोबर गूळ, केळी आणि कढवलेलं तूप पाठवू लागले. गिरिजाबाईंनी डिंकाचे लाडू वळले. त्यांची माया खरी होती, हे मी शेजारी या नात्याने शपथेवर सांगतो. पण वेदवतीला सकाळी मळमळे, आणि केळी काही मळमळ थांबण्याची वाट पाहत नाहीत. वाया जाऊ नयेत म्हणून तिरुमलराव ती निरपेक्ष बुद्धीने संपवत. लाडवांची जबाबदारी बिंदुमाधवने उचलली. शिवाय सुनेची चौकशी करायला माणसं येत. त्यांना कोरडं पाठवणं बरं नव्हे, म्हणून वेदवती उठून उप्पीट करी. आणि ते खाता खाता ती सगळी तिला विश्रांती घे असं कळकळीने सांगत.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. (गल्लीतल्या कानडी बायका त्याला बयके म्हणतात.) थेट हिनकलपासून माणसं आली. वेदवतीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, फोटो काढला, आणि चिरोटे कमी पडणार असं दिसल्यावर ती उठून तळायला बसली.

त्याच आठवड्यात डॉक्टर कृष्णवेणीबाईंकडे तपासणी होती. घरचे सगळे गेले. वेदवतीचं वजन सात महिन्यांत तीन किलो वाढलं होतं. मग तिरुमलराव काट्यावर चढले, मग बिंदुमाधव. सज्जन माणसाला काटा दिसला, की त्यावर उभं राहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या तपासणीच्या वेळीही दोघे उभे राहिले होते. तेव्हापासून तिरुमलराव पाच किलोंनी वाढले होते, बिंदुमाधव चार. गरोदरपणात साधारण दहा-बारा किलो वाढावेत असं बाईंनीच सांगितलं होतं. तिरुमलरावांनी तिघांची बेरीज केली आणि उद्दिष्ट मुदतीपूर्वीच गाठल्याचं नम्रपणे निदर्शनास आणून दिलं.

कृष्णवेणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेपने वेदवतीचं पोट पुन्हा मोजलं. मूल हवं तेवढं वाढत नाहीये, म्हणाल्या. मागच्या वेळी तुंगा वाचली. या वेळी तसंच होईल असं धरून चालू नका. मग त्यांनी वेदवतीला विचारलं, "काल दुपारी काय जेवलीस?"

वेदवतीने सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "भात होता," ती म्हणाली. "हुळी संपली होती." (हुळी म्हणजे तिकडची आमटी.)

"आणि परवा?"

"परवा भातही संपला होता. पण लोणचं होतं."

बाईंनी एवढंच सांगितलं, की दुप्पट खायचं कारण नाही, लाडवांची तर मुळीच गरज नाही. डाळ, दूध, भाजी, शेंगदाणे, पोटभर भात. पण गरम, वेळेवर आणि सगळ्यांच्या आधी.

घरी आल्यावर पेच उभा राहिला. सून सासऱ्याच्या आधी जेवल्याचा पूर्वदाखला घराण्यात नव्हता. तिरुमलराव दुपारभर अस्वस्थपणे फेऱ्या घालत राहिले. डॉक्टरांचा आदेश मोडता येत नव्हता आणि नियमही मोडता येत नव्हता. संध्याकाळी त्यांना मार्ग दिसला. आधी पाहुणे जेवतात. सबब वेदवतीला प्रसूतीपर्यंत या घरची पाहुणी समजण्यात यावं.

या निर्णयाचे परिणाम दूरगामी झाले. पाहुणीने स्वयंपाक करायचा नसतो, म्हणून बिंदुमाधव विळीवर बसून बीन्स चिरू लागला. पाहुणी "साकु", म्हणजे पुरे, म्हणाली तरी वाढणाऱ्याने ते ऐकायचं नसतं, म्हणून वरणाचा आणखी एक डाव पडू लागला. चौकशीला येणाऱ्यांना गिरिजाबाई दारातूनच सांगत, घरी पाहुणे आहेत, आज जमायचं नाही. आणि पाहुण्यांशी चार शब्द बोलावे लागतात, म्हणून तिरुमलराव रोज तिला बन्नूरच्या भाताची आणि उसाची हालहवाल विचारू लागले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून शाळेत गणितात पहिली यायची, हे त्यांना तेव्हा कळलं.

गिरिजाबाई समोर बसून वाढत. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की वेदवती भराभर जेवते, मधूनच थांबून बाहेर कान देते.

"सावकाश जेव ग," त्या म्हणाल्या. "कोणी हाक मारत नाही."

वेदवतीचा घास हातातच राहिला. गिरिजाबाईंनी डाव खाली ठेवला.

"बिंदूच्या आधी माझी दोन गेली. बारीक होती. देवानं नेली म्हणाले सगळे. मीही आजवर तेच म्हणत आले."

वेदवतीने उठून त्यांचंही पान मांडलं. त्या दिवशी दोघी बरोबर जेवल्या. तिरुमलराव दाराशी येऊन उभे राहिले, आणि हे नेमकं कोणत्या नियमात बसतं ते न सुचल्याने परत गेले.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. याचं श्रेय कुटुंबाने डिंकाच्या लाडवांना दिलं.

बारशाला पंगत बसली. प्रसूती झाली, म्हणजे पाहुणेपदाची मुदत आपोआप संपली, असं तिरुमलरावांनी सकाळीच जाहीर केलं होतं. वेदवती बाळाला निजवून वाढायला उभी राहिली. गिरिजाबाईंनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि त्या पंगतीच्या मध्यभागी आल्या.

"तिचं पान मांडा. ती बसल्याशिवाय मी वाढणार नाही."

पानांवर नुसतं मीठ होतं. चाळीस माणसं मिठाकडे बघत बसली. तिरुमलरावांनी घसा साफ केला आणि पाहुणेपदाला पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ दिली. वेदवती बसली. पुढील आदेश त्यांनी हयातभर काढला नाही. विसरले की काय, ते मी कधी विचारलं नाही.

तिरुमलरावांना हसणं सोपं आहे. तुम्हीही हसला असाल, विशेषतः काट्याच्या जागी. पण तुम्हाला निवांत वाचत बसता येतंय, त्या अर्थी या घटकेला तुमच्या स्वयंपाकघरात दुसरं कोणीतरी उभं आहे. थोड्या वेळाने जेवायला हाक येईल. उठाल तेव्हा एवढंच बघून या, हाक मारणारीचं पान मांडलंय का.

तोवर मी थांबतो.