मासोळीनं गिळलेला अंतरपाट

नथ्थूला हळद लागायची त्या दिवशी सकाळपासून घरात वाद चालला होता. तो मानपानावरून नव्हता की वरातीवरून नव्हता. वाद होता चाकूवरून.

हळद लागली की नवरदेवाच्या हाती शस्त्र द्यायचं, त्याच्या टोकाला लिंबू खोचायचं आणि गळ्यात माळ पडेपर्यंत ते हातातून सुटू द्यायचं नाही, ही त्या मुलुखाची रीत. मालगुजाराच्या घरी कट्यार असायची, बाकीच्यांचं सुरी-चाकूवर भागायचं. नथ्थूचे वडील मुखरूजी यांनी आपल्या कमरेचा चाकू काढून पोरापुढे ठेवला. गावच्या झिंगू लोहारानं खासराच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून त्याचं पातं घडवलं होतं. मूठ रेड्याच्या शिंगाची. मिटला की काळ्या वांग्यासारखा दिसायचा. पण बांबू सोला, बैलाचा गुंतलेला कासरा कापा, आंबा चिरा, तो कशालाही नाही म्हणत नसे.

"हा घेऊन मी मांडवात उभा राहू?" नथ्थू म्हणाला. "लोक म्हनतीन, नवरदेव आला का बांबू सोलाले आला?"

"काऊन, काय झालं त्याले? मस्त कापते."

"कापते बा, पन दिसते कसा?"

"चाकूकडे पाहाचं रायते का, का चाकूनं कापाचं रायते?"

नथ्थूकडे दुसरा चाकू होता. त्यानं तो पेटीतून काढला, आणि घरातल्या बायका जवळ सरकल्या.

नथ्थू दोन हिवाळे आलापल्लीच्या लाकूड-डेपोत सागाच्या ओंडक्यांवर नंबर मारायला होता. तिथं त्यानं एकदा साहेबाचा चाकू पाहिला. साहेबानं अंगठा लावला की तो टप्पकन उघडायचा, आणि मिटला की खिशात नाहीसा व्हायचा. तेव्हापासून नथ्थूच्या डोक्यात चाकू शिरला तो शिरलाच. चैतात चांद्याला महाकालीच्या जत्रेत त्यानं एका दुकानात मासोळी पाहिली. पितळेची मासोळी, अंगावर हिरवे खवले, डोळ्याला लाल काच, आणि अंगठा दाबला की तोंडातून पातं बाहेर. दुकानदारानं उघडून दाखवला, मिटून दाखवला. काही कापून दाखव, असं म्हणायचं नथ्थूला सुचलं नाही. लग्न ठरलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी सुचत नाहीत.

"गोजिरा हाय माय," भागीरथाआत्या म्हणाली. ती मुखरूजींची मोठी बहीण, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. "घेऊ दे पोराले. लगन काय रोज होते?"

मुखरूजींनी काळा चाकू उचलून पुन्हा कमरेला लावला आणि ते बैलांना पाणी पाजायला गेले.

आता नथ्थूचा हात जन्मापासून स्वस्थ नाही. रिकामा असला तर गवताची काडी तोडेल, भरला असला तर जे असेल त्याच्याशी खेळेल. नुसती काठी दिली असती तरी त्यानं तिची साल काढली असती, आणि इथं त्याला उघडमीट होणारी मासोळी मिळालेली. खट उघड, खट मीट. हळद लागताना खट, जेवताना खट. आत्यानं टोकाला लिंबू खोचलं तेव्हा थोडा वेळ आवाज बंद झाला. मग मासोळीनं आपल्या मनानं तोंड मिटलं आणि लिंबू चुलीजवळ गडगडत गेलं.

"कमान जराशी सैल हाय," नथ्थू म्हणाला.

"नवरदेवाचं लिंबू पडू नये बाबू," आत्या म्हणाली, पण चाकू गोजिरा असल्याचं तीच बोलून बसली होती, म्हणून तिनं गुपचूप दुसरं लिंबू खोचलं आणि वाटेसाठी ओटीत आणखी घेतली.

ती सगळी लागली. वऱ्हाडाच्या गाड्या वैनगंगेच्या रेतीत उतरल्या तेव्हा एक लिंबू चाकाखाली गेलं. एक बैलानं खाल्लं आणि मग पुढचा कोसभर तो बैल मान झटकत चालला. चामोर्शीच्या वाटेला लागेपर्यंत आत्याच्या ओटीत शेवटचं लिंबू उरलं होतं, आणि नथ्थूच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्या चाकूनं वाटेत कापलेली तेवढी एकच वस्तू.

"आता खेळू नोको त्याच्यासंग," मुखरूजी म्हणाले.

"मी कुठी खेळून राह्यलो? थोच मिटते."

खरं सांगायचं तर नथ्थू भ्यायला होता. मुलगी पाहायला गेला तेव्हा वच्छलेनं पोहे पुढे ठेवताना त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं, आणि त्या एका पाहण्यात त्याला आपण कमी पडलो असं वाटलं होतं. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास होता, की अंतरपाट दूर होईल तेव्हा समोर कोणी तरी झकास माणूस दिसला पाहिजे. मासोळी त्यासाठी होती.

नवरीच्या गावी पोचले तर मांडवाचा एक बांबू ढिला झालेला. नवरीचे वडील गुणवंतराव दोरी धरून उभे होते. "चाकू हाय का कोनापाशी?"

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. नवरदेवाचा चाकू लिंबात गुंतलेला. मुखरूजींनी कमरेचा काळा चाकू काढून दिला, आणि एकदा दिल्यावर तो परत आला नाही. दोरी कापून झाली तसा तो तोरणाच्या पानांकडे गेला, तिथून स्वयंपाकात कोहळा चिरायला, तिथून डफडेवाल्याच्या वादीला. मुखरूजींना चैन पडेना. कमर हलकी लागत होती. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत व्याह्यांना विचारत हिंडले.

"इवाईबुवा, माहा चाकू कुठी गेला?"

"इथीच होता. आत्ता पाह्यला मी."

नथ्थूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरच्या मांडवात बाप काळ्या वांग्यासाठी हिंडतोय. "बा, राहू द्या ना. दुसरा घेऊन देईन तुमाले, याच्यासारखा."

"याच्यासारखा नोको," मुखरूजी म्हणाले आणि पुन्हा शोधायला गेले.

गोरज मुहूर्त होता. गाई परतायची वेळ आणि पंचांगातला हंगामाचा शेवटचा मुहूर्त. हा चुकला तर मग रोहिण्या, मग रोवणी, मग धान कापणी. दिवाळी होईपर्यंत धानाच्या गावात कोणाला लग्नाला उभं राहायची फुरसत नाही. नथ्थूला पाटावर उभं केलं. एका टोकाला वच्छलेचे मामा पत्रूजी आणि दुसऱ्या टोकाला एक भाऊबंद, दोघांनी अंतरपाट धरला. अंतरपाट म्हणजे पत्रूजींच्या स्वतःच्या लग्नातला रेशीमकाठी शेला. पलीकडे बांगड्या वाजल्या. वच्छला येऊन उभी राहिली होती.

महाराज मंगलाष्टकं म्हणू लागले. नथ्थूला पलीकडचं दिसत नव्हतं, नुसती चाहूल. पाय खाजले, बाशिंग टोचलं, घाम आला. अंगठा हळूच मासोळीच्या पाठीवर गेला. एकदाच, असं त्यानं मनाशी ठरवलं. लिंबू निसटलं. ते धरायला त्यानं हात पुढे केला, आणि मासोळीनं खट्टकन तोंड मिटलं, ते शेल्याची मोठी घडी तोंडात घेऊन.

नथ्थूनं उघडायला नख घातलं. नखाची खाच शेल्याखाली गेलेली. ओढलं तर कापड आणखी आत रुतलं. तेवढ्यात अष्टकं संपली, अक्षता पडल्या, डफडी कडाडली, आणि मागच्या रांगा लग्न लागलं समजून पत्रावळींकडे धावल्या. पत्रूजींनी अंतरपाट उत्तरेकडे ओढला. त्याच्यासोबत नवरदेवही उत्तरेकडे गेला.

"सोडा ना जावईबापू," पत्रूजी म्हणाले.

"मी नाई धरला. यानं धरला."

महाराजांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अंतरपाट दूर झाल्याबिगर माळ घालता येत नाई."

"मंग चाकू ठेवा ना खाली," गुणवंतराव म्हणाले.

"अजिबात नाई," भागीरथाआत्या मधे आली. "माळ पडल्याबिगर नवरदेवाच्या हातातून शस्त्र सुटत नाई. आधीच लिंबं गेली आमची."

"मंग माळ घाला."

"सांगितलं ना, अंतरपाट गेल्याबिगर माळ नाई," महाराज म्हणाले.

माळेसाठी अंतरपाट जायला हवा, अंतरपाट जायला चाकू उघडायला हवा किंवा हातातून सुटायला हवा, आणि चाकू सुटायला आधी माळ पडायला हवी. हे सगळ्यांना एकदमच कळलं. दूरवर गाईंच्या घंट्या वाजू लागल्या.

"शेला कापा थोडासा," कोणीतरी म्हणालं.

"माहा शेला?" पत्रूजींचा आवाज चढला. "लगनाच्या कपड्याले लगनातच कात्री? काय वंगाळ बोलून राह्यले? आन् मी कापू देनार बी नाई."

पत्रूजींनी नखं लावली, एक मोडलं. गुणवंतरावांनी दातानं उघडून पाहिलं, तर हिरवा रंग ओठाला लागला. एकानं तेल सोडलं, त्यानं मासोळी एवढी बुळबुळीत झाली की आता ती धरताही येईना. महाराज दर घडीला मांडवाबाहेर जाऊन सूर्य पाहून येत होते आणि दर वेळी तो त्यांना पहिल्यापेक्षा खाली दिसत होता. झकास दिसायचं तर राहिलंच, आपण दिवाळीपर्यंत असेच शेला धरून उभे राहणार असं नथ्थूला वाटू लागलं.

शेवटी ज्या गोष्टीची त्याला सकाळपासून लाज वाटत होती ती त्याच्याच तोंडून बाहेर पडली. "बा, तुमचा चाकू कुठी हाय?"

"तेच तर दुपारपासून विचारून राह्यलो मी," मुखरूजी म्हणाले.

शोध सुरू झाला. स्वयंपाकातून निरोप आला, कोहळा झाल्यावर डफडेवाल्यानं नेला. डफडेवाला म्हणाला, वादी कापली आन् आतल्या खोलीतून एका बाईनं मागितला. आतल्या खोलीतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि तेवढ्यात अंतरपाटाच्या खालून, जमिनीपासून हातभर उंचीवर, हिरव्या बांगड्यांचा एक हळदीचा हात बाहेर आला. हातात काळं वांगं होतं.

"बाशिंगाची दोरी लय आवळली होती, म्हनून मागितला होता," अंतरपाटापलीकडून आवाज आला. "मंग कामाचा दिसला, ठेवला कमरेले."

कोणी काही बोलायच्या आत दुसरा हातही चाचपत वर आला, त्यानं मासोळी पकडली, आणि पहिल्या हाताच्या अंगठ्यानं काळ्या चाकूचं पातं उघडलं.

"हात हालवू नोका," आवाज म्हणाला.

नथ्थूचा हात जन्मात पहिल्यांदा स्थिर राहिला. काळ्या पात्याचं टोक मासोळीच्या जबड्यात शिरलं, जरासं वळलं, आणि लाल काचेचा डोळा निखळून अक्षतांत पडला. मासोळीनं तोंड उघडलं. शेल्याचा एक धागाही तुटला नव्हता. पत्रूजींनी एका हिसक्यात अंतरपाट उत्तरेकडे नेला, आणि समोर झकास माणूस उभं होतं. फक्त ते नथ्थू नव्हतं.

माळा पडल्या. महाराज म्हणाले, वेळेत झालं. मावळतीला झाडाच्या शेंड्यावर थोडं ऊन होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

वरात घरी आली तेव्हा उंबऱ्यावर भागीरथाआत्यानं वाट अडवली. "नाव घे माय, मंग आत ये."

वच्छलेनं फार वेळ लावला नाही.

"चांद्याच्या जत्रेतली मासोळी, दिसाले लय हिरवीगार,
नथ्थूरावाचं नाव घेतो, आता मीच लावीन धार."

बाया हसल्या, आणि सगळ्यात जोरात मुखरूजी हसले. नथ्थूही हसला, जरा उशिरानं.

मासोळीलाही पुढं काम मिळालं. वच्छलेनं तिला दोरा बांधून म्हशीच्या वगारीच्या गळ्यात अडकवलं. उन्हात चमकायची, वगार दुरून दिसायची, आणि यापरती अपेक्षा आता तिच्याकडून कोणाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे नथ्थू दातणासाठी कडुलिंबाची फांदी ओढून उभा होता. मुखरूजी बाजूला बैलाचा तुटका कासरा धरून उभे होते. दोघांची नजर एकाच ठिकाणी गेली. वच्छला अंगण सारवत होती, आणि काळा चाकू तिच्या कमरेला होता.

"सूनबाई," मुखरूजी घसा साफ करत म्हणाले, "माहा चाकू देतं का जरा?"

"आधी मले दे," नथ्थू म्हणाला.

वच्छला उठली. तिनं हात पुसले, नथ्थूच्या हातातली फांदी घेतली, एका फटक्यात दातण कापून त्याला दिलं. मग सासऱ्याचा कासरा हातात घेतला.

"चाकू मांगू नोका," ती म्हणाली. "काय कापाचं हाय ते सांगा."