गच्ची पाहिली, अद्याप ओली

गच्ची सर्वांची असते. गळती मात्र वरच्या मजल्याची असते. सहकाराचे हे मूलतत्त्व कोणत्याही उपविधीत छापलेले नाही, कारण जे सर्वांना पाठ असते ते छापण्याची गरज नसते.

जुळे सोलापुरातील आमच्या बारा फ्लॅटच्या संस्थेने हे तत्त्व अकरा वर्षे निष्ठेने पाळले. आम्ही वरच्या मजल्यावर. गळती अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पलंगावर, उशीपासून दीड वीत अंतरावर. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उजनीच्या पाण्याची पातळी लिहिण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर छत गळू लागले तेव्हा त्यांनी पलंगावर एक पातेले ठेवले, शेजारी एक वही ठेवली आणि सेवा पुढे चालू ठेवली.

संस्थेने दुर्लक्ष केले असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पाहणी समिती दरवर्षी यायची. ती एप्रिलमध्ये यायची आणि नळाला पाणी नसेल अशाच दिवशी यायची, कारण पाणी सुटण्याच्या दिवशी सोलापुरात कोणीही समितीवर नसतो. प्रत्येक जण आपापल्या पिंपाजवळ असतो. त्यामुळे वर पाऊस नसे, टाकी भरून वाहत नसे, आणि "गळती आढळून आली नाही" हा अहवाल दरवर्षी एकमताने लिहिला जाई (पोह्यांचा उल्लेख अहवालात नसे). अप्पा त्याखाली सही करत. त्या दिवशी गळती खरोखरच नसायची, आणि ते खोट्या सह्या करणाऱ्यांतले नव्हते.

अप्पा फेब्रुवारीत गेले.

शोकसभा त्यांच्याच खोलीत झाली. त्याच दिवशी पाण्याची वेळ ऐनवेळी बदलल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. दोन मिनिटांची स्तब्धता सुरू असताना टाकी भरून वाहू लागली आणि पहिला थेंब पलंगाच्या उशाशी मान खाली घालून उभ्या असलेल्या सेक्रेटरी गुरुशांतकाकांच्या टकलाच्या मध्यावर पडला. त्यांनी स्तब्धता मोडली नाही. दुसरा पडला, तिसरा पडला. दोन मिनिटे पूर्ण झाल्यावर ते शांतपणे म्हणाले,

"हे गळतंय की."

शोकठरावापाठोपाठ लगेच दुसरा ठराव मंजूर झाला : गच्चीवर फायबर ग्लासचे अस्तर करावे; मात्र हे एकदाच, विषय पुन्हा सभेपुढे येणार नाही. इतका कामाचा मृत्यू आमच्या इमारतीत यापूर्वी झालेला नव्हता. मला त्या ठरावातून फार काही नको होते. पलंगावरचे पातेले मी हलवले नव्हते. ते एकदा तरी कोरडे राहावे, एवढेच.

मे महिन्यात अस्तर करणारे शंकरप्पा आले. अक्कलकोटकडचे, पन्नाशीचे, हातावर रेझिनचे जुने डाग. पद्धत त्यांनी मला समजावली : गच्ची घासायची, रेझिन या चिकट द्रवात तो घट्ट करणारा हार्डनर घालायचा, ते ब्रशने लावायचे, त्यावर काचेच्या धाग्यांची पांढरी चटई अंथरायची, रोलरने बुडबुडे काढायचे, पुन्हा रेझिन. मग वरचा थर चोवीस तास चिकट राहतो, तोवर गच्चीवर माणूस नको, मांजर नको. दुसऱ्या दिवशी वरून करडा रंग. हे सगळे सकाळी सहालाच सुरू करायचे, कारण दहानंतर आपल्या उन्हात माल ब्रशवरच दगड होतो.

घासता घासता ते टाकीपाशी थांबले आणि मला हाक मारली. जुन्या सिमेंटच्या थरात एक पाऊल उमटले होते. टाचेतून एक चीर निघाली होती, ती नेमकी आमच्या खोलीच्या दिशेने.

"अक्का, हितं कोणतरी उभं ऱ्हायलं की, ओलं असताना. सगळं पाणी हितंच साचतंय. टायरच्या सोलची चप्पल हाय बगा."

मी खाली गेले. टायरचा सोल लावलेली चप्पल आमच्या दाराशीच होती. तो सोल अप्पांनी नवी पेठेतून हट्टाने लावून घेतला होता, कारण तो झिजत नाही. मी उजव्या पायाची वर आणली आणि ठशात ठेवली. बसली.

येथे थोडा इतिहास देणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी तो सिमेंटचा थर झाला तेव्हा जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून अप्पा स्वतः तीन दिवस बसले होते. त्यांनी एकाही माणसाला वर जाऊ दिले नाही. हे मी अभिमानाने सर्वांना सांगत आले आहे.

शंकरप्पांनी चपलेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मी खाली गेले असताना कालवलेल्या डब्यात काठी फिरवू लागले.

"भरून टाकू न्हवं? हार्डनर पडलाय, अक्का. पंदरा मिन्टं हाइत. मग म्या थांबलो तरी माल थांबत न्हाय."

पंधरापैकी चार मिनिटे मी घेतली.

"भरा," मी म्हणाले. "काठोकाठ भरा."

त्यांनी भरले. चप्पल मी पदराने पुसून खाली नेऊन ठेवली.

दहापर्यंत सगळी गच्ची काचेसारखी चमकत होती. मी दाराला कुलूप लावले आणि तीच खुर्ची टाकली. त्यानंतर अकरा फ्लॅटमधून अकरा अर्ज आले. पैकी सात जणांनी "वाळलं का?" एवढेच विचारले. तिघांना फक्त एक बोट लावून बघायचे होते (तिघांनीही बोट आधीच पुढे केलेले होते). विजयमालाकाकू सांडग्यांचे ताट घेऊन आल्या. त्यांचे म्हणणे, सांडगे हलके असतात. गुरुशांतकाका बोट लावणाऱ्यांत होते, पण सेक्रेटरीने लावल्यास त्याला बोट म्हणत नाहीत, पाहणी म्हणतात, असे त्यांनी निदर्शनास आणले.

"अप्पा असते तर तुमाला जाऊ दिलं असतं का?" मी विचारले.

"छे," काका म्हणाले. "माणूस लई कडक." आणि खाली गेले.

सगळे अर्ज फेटाळून झाल्यावर मी अप्पांची वही उघडली. आत अकरा वर्षांचे थेंब होते : तारीख, वेळ, पातेल्यातली पातळी सेंटिमीटरमध्ये. पहिल्या पानावरची पहिली नोंद मात्र थेंबांच्या आधीची होती. "सायं. ५.१०. गच्ची पाहिली. अद्याप ओली."

बस्स. पुढच्या शेकडो नोंदींत त्या संध्याकाळचा उल्लेख नाही, तक्रार नाही. दरवर्षी समितीला पोहे देणारा माणूस छत का गळते हे एकटा जाणत होता, आणि बरोबर त्याच्याखाली झोपत होता.

घड्याळात पाच वाजून आठ मिनिटे झाली होती. बाराव्या फ्लॅटचा अर्ज अजून प्रलंबित होता. तो माझा होता. मी तो मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी रंग लावताना शंकरप्पा टाकीच्या कोपऱ्याशी वाकले. तिथे अंगठ्याचा एक ठसा होता.

"कोण आलतं वर?"

"कोणी नाही."

"व्हय की," ते म्हणाले, आणि त्यावरून हळूच ब्रश फिरवला. "घराणंच हाय हे."

चौथ्या दिवशी पाणी सुटले. टाकी भरली, अर्धा तास वाहिली. मी पलंगाशेजारी बसून होते. वहीत नोंद केली : "पातेले कोरडे." मग ते घासून फडताळात ठेवले.

गच्ची आता उत्तम आहे. जिन्याच्या दाराला कुलूप आहे आणि शेजारी पाटी आहे : "काम पूर्ण वाळले आहे, खात्री करू नये." ही पाटी वाचून आजवर चौदा जणांनी किल्ली मागितली. तुम्ही मागितली नाहीत, हे खरे. पण टाकीचा कोपरा कुठला, एवढे तुम्ही मनात पाहून ठेवले आहे. येणारच असाल तर चपला खाली काढून या. कोणाची चप्पल कुठे बसते, हे आमच्याकडे लिहून ठेवण्याची पद्धत आहे.