आबाच्या टोपाचा खळगा

"मावशी, टोप असा करून आणतो की म्हाळूआबा खुद्द उठून सलाम ठोकतील," असं त्रिंबकनं विमलबाईला सांगितलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्याचं तोंड धरायला हवं होतं!

त्रिंबक घाटनांदूरकडच्या एका गावातल्या दूध सोसायटीचा सचिव. म्हाळूआबा म्हणजे विमलबाईचे वडील. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतताना त्यांनी डोक्यावरचा लोखंडी टोप तेवढा आणला. पुढं त्याच टोपानं सोसायटीत सरकीची पेंड मापली जायची. औंदाच्या दुष्काळात दूध आटलं, पेंड संपली, माप रिकामं पडलं. पण सप्ताह मोडायचा नाही, असं गावानं ठरवलं; आणि काल्याच्या कीर्तनात आबांची कथा सांगून महाराज त्या टोपाला हार घालणार होते.

त्रिंबकनं मेरठहून जुन्या घडणीचे नवे भाग मागवले: आतली कातडी गादी अन् हनुवटीचा पट्टा. गंज काढायला जीपगाड्यांचे पत्रे ठोकणारा मकसूद होताच. त्यानं विचारलं, "सेक्रेटरीसाब, हा खळगा बी भरू का?"

"भर की. नवरदेवागत दिसला पायजे."

मकसूदनं खळग्यात लांबी, म्हणजे पत्र्यावर लावायची पुट्टी, भरली, घासली, वर हिरवा रंग मारला. टोप असा गुळगुळीत झाला की माशी बसली तर घसरून पडावी!

काल्याच्या सकाळी त्रिंबकनं आरशापुढं तो डोक्यावर चढवला, पट्टा आवळला, आणि बक्कल अडकलं ते अडकलंच. मकसूदनं पक्कड लावली. हनुवटी निघायची वेळ आली, बक्कल निघेना. पट्टा कापावा तर दुसरा आणायचा कुठून? अखेर टोपासकट तो देवळात पोचला. तिथं विमलबाई बायकांना सांगत होती, "आता डोळ्याला दिसत न्हाई, पर आबाचा टोप हाताला कळतो. गोळीनं खळगा पडलाय त्याला. ल्हानपणी त्यात मूठ ठिवल्याबगर मला झोप येत नव्हती."

त्रिंबकनं टोपावरून हात फिरवला; खळगा कुठं लागेना. कीर्तन सुरू झालं, तसा तो हळूच पायरीशी, नारळ फोडायच्या दगडाला खेटून, गुडघ्यात मान घालून बसला.

जरा वेळानं विमलबाई काठी टेकत नारळ घेऊन आली. हातानं दगड चाचपला. गोल, गुळगुळीत, गार. "आबाचा टोप नीट घरी येऊ दे, इठ्ठला," म्हणाली आणि नारळ हाणला!

टण्ण! महाराजांचा चढलेला सूर जागीच थांबला. मेरठच्या गादीनं त्रिंबकचं डोकं तेवढं वाचवलं. नारळाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळलं, आणि मकसूदची लांबी खपलीसारखी गळून पडली.

फुटलेल्या नारळाची भकलं शोधत विमलबाईचा हात पुन्हा फिरला. थबकला. तिची मूठ खळग्यात अलगद जाऊन बसली.

"आबा," ती म्हणाली.

टाळ थांबले. मृदंग थांबला. मंडपात वाराही पाय न वाजवता फिरत होता. याच खळग्याखाली कधीकाळी एक डोकं वाचलं, म्हणून ही बाई जन्माला आली! महाराज खाली उतरले, त्यांनी हार घातला, वाकून हात जोडले. मागं अख्खं गाव वाकलं. त्रिंबकचे डोळे भरून आले.

"मावशी," तो टोपाखालून म्हणाला, "मी त्रिंबक. चुकलं माझं."

विमलबाईनं मूठ काढली नाही.

"ठावं हाय. गप बस जरा. टोप हालतोय."