बापूकाकांचं 'जैसे थे'

आमच्या भिंगारच्या गल्लीत बापूकाकांसमोर कुणी चुकीचं बोललं, की ते हात वर करून ओरडतात, "जैसे थे!" कवायतीत पाऊल चुकलेल्या जवानाला पुन्हा पहिल्या जागी आणायचा हा हुकूम. काकांनी तो पोस्टमनपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना लागू केलाय. एकदा भाजीवाल्या मावशींनी शिळी मेथी "ताजी, ताजी" म्हणून पुढे केली, तर काकांनी त्यांना जैसे थे करून गल्लीच्या तोंडापर्यंत परत पाठवलं आणि तिथून "कालची मेथी!" असं ओरडत यायला लावलं. मावशी तशा आल्या, हे विशेष. वर मेथी खपलीसुद्धा.

काका जवान नव्हते हं. लष्कराच्या कोठारात कारकून होते. जन्मभर ब्लँकेटं मोजली आणि खिडकीतून परेड पाहिली. मूळचे मिरजगावचे, त्यामुळे मराठी तिकडची आणि इंग्रजी साहेबांची. "लई पुअर प्रोनन्सिएशन हाय तुझं" हे ते एका दमात म्हणतात. काकू गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा सुनील ऑस्ट्रेलियात. त्याला इंग्रजी आपणच शिकवलं, हे गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच कळतं.

आता माझं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, म्हणजे इंग्रजीविषयी मराठीतून बरंच वाचलं. त्यानंतर माझीही परिस्थिती जैसे थेच होती. सकाळी मोबाईलवरून अर्ज करायचे आणि दुपारी आईच्या "काय झालं गं?"ला "बघू" म्हणायचं. एक दिवस व्हिएतनाममधल्या एका शाळेने मुलाखतीला बोलावलं. लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं होतं. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशात त्यांना दुसरं कुणी गावलं नाही का?" आईचा माझ्यावर पहिल्यापासून असा विश्वास. तिकडे मामांनी श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातल्या एका क्लार्कचं स्थळ हेरून ठेवलं होतं. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार, असं ठरलं. मला विचारून ठरलं असं म्हणता येणार नाही.

मग काकांनी मला ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तयारी. बाकी चुका हळूहळू कमी झाल्या, पण एक काही जाता जाईना. आमच्या घरात निघताना "जाते" म्हणायची सोय नाही. "येते" म्हणायचं, नाहीतर आई उंबऱ्यावरून माघारी बोलावते. त्यामुळे तास संपला, की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "काका, आय ॲम कमिंग."

"जैसे थे! निघालीस घरला अन् कमिंग म्हन्तीस? इंग्रजीत जानारा मानूस जातो. गोइंग म्हन, गोइंग!"

की मी फाटकापासून परत खुर्चीत. पुन्हा उठायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा चुकायचं. समोरच्या गच्चीवरून लोक बघायचे. लग्नाच्या बाजारात माझी किंमत त्या काळात फार वाढली नसावी.

मुलाखत काकांच्या बैठकीत झाली, कारण गल्लीत धड रेंज तिथेच मिळते. काका पडद्याआड, तोंडात सुपारी धरून आणि एक शब्द न बोलण्याच्या बोलीवर. मोबाईलमधल्या बाई गोड होत्या. मी काय बरळले ते आठवत नाही. "चिल्ड्रन आर फ्लॉवर्स" म्हणाले एवढं नक्की, आणि त्यावर आणखी काही सुचेना म्हणून तेच दोनदा म्हणाले. शेवटी बाई म्हणाल्या, आम्ही माणसं निवडतो आणि ऐनवेळी ती येतच नाहीत, तेव्हा नीट विचार करून कळवा. मला त्यातलं "कळवा" तेवढं कळलं, तेही "कळवू" असं. म्हणजे संपलं. डोळ्यांपुढे तो क्लार्क बत्तीस दात दाखवत उभा राहिला. मी हात जोडले आणि निरोप घेतला, "थँक्यू मॅडम, आय ॲम कमिंग."

पडदा हलला. "जैसे..." एवढं ऐकूही आलं. पण तेवढ्यात बाईंचा चेहरा असा खुलला, की काकांनी उरलेला हुकूम सुपारीबरोबर गिळला. इतक्या चटकन आणि इतक्या ठामपणे आजवर कुणीच हो म्हणालं नव्हतं म्हणे! अशा रीतीने इंग्रजीच्या चुकीवर मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली.

काका बाहेर आले. "इंग्लिश राँग," म्हणाले, "पन रिझल्ट करेक्ट." आणि का कोण जाणे, नंतर मी निघेपर्यंत ओट्यावर फारसे दिसलेच नाहीत.

निघायच्या सकाळी रिक्षात बॅगा ठेवल्या आणि काकांच्या पाया पडायला गेले. निदान आज तरी त्यांना खूश करावं म्हणून वाक्य घोकून ठेवलं होतं. ताठ उभी राहिले आणि खणखणीत म्हणाले, "काका, आय ॲम गोइंग."

"जैसे थे," काका म्हणाले. ओरडले नाहीत. हातही वर केला नाही.

"पण काका, बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय." खांद्यावरचा टॉवेल काढून ते उगाच घडी घालत बसले. "सुन्याबी बरोबरच बोलून गेल्ता. आय ॲम गोइंग, दादा, म्हनला मला. मीच घोकून घेतल्तं. त्याची आई म्हनत हुती, येतो म्हनू द्या की पोराला. मी तिला गप बसवलं. ती गेली तवाबी त्याला येनं जमलं न्हाई."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी फाटकापर्यंत गेले, तिथून माघारी फिरले, ओट्यावर आले, माझ्या त्या खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले.

"काका, आय ॲम कमिंग."

काकांनी टॉवेल तोंडाला लावला. चूक काही काढली नाही.

"ये, पोरी," म्हणाले.