फिलिपमामांचा काटा

नवे फादर गावात आले की लोक हार घालतात, बाया ओवाळतात, पोरी स्वागताचं गाणं म्हणतात. फिलिपमामा त्यांचं वजन सांगतात.

सध्याचे फादर जीपमधून उतरले तेव्हा मामा गर्दीतून पुढे झाले, त्यांना टाळूपासून चपलेपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "बासष्ट. हारासकट त्रेसष्ट." फादर वसईकडचे, शांत स्वभावाचे. नुसते हसले. पण दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, ते उभे राहिले. हे सिस्टरांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं. बासष्ट भरले.

जालन्याहून वाटूरकडे जाताना, मुख्य रस्ता सोडून थोडं आत आमचं गाव. मामांनी उभी हयात जुन्या जालन्यात धान्याच्या पेठेत हमाली केली. क्विंटलाची पोती वाहिली. आता पन्नास किलोचे कट्टे आले, त्याला मामा हमाली मानतच नाहीत; म्हणतात, ही तर भाजीची पिशवी झाली. पाठ अजून पुढे कललेली, मानेवर घट्टा, आणि डोळ्यांत काटा. समोर बकरी येवो, नवरी येवो, मामांच्या तोंडून आकडा गेलाच. एका लग्नात त्यांनी नवरीचं वजन वरपक्षासमोर जाहीर केलं आणि जेवणं अर्धा तास लांबली. त्या शनिवारी कन्फेशनला गेले. मामांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आपण पाप हळू सांगतो अशी त्यांची समजूत आहे. प्रत्यक्षात बाहेरच्या रांगेला सगळं ऐकू येतं. "फादर, पोरीचं वजन सांगितलं. आकडा बराबर व्हता, पर सांगायला नगं व्हता."

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम. "आधी वाका, मंग हात लावतो."

ते हमालीतलं आहे. क्विंटलाचं पोतं एकटा हमाल गोदामापर्यंत नेऊ शकतो, पण स्वतःच्या पाठीवर स्वतः चढवू शकत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. आणि हात लावायचा तर नेणाऱ्याने आधी वाकायला हवं. ताठ उभ्या माणसाच्या पाठीवर पोतं ठेवता येत नाही. एकदा आधीच्या फादरांना संत योसेफाचा पुतळा वेदीच्या उजवीकडून डावीकडे हवा होता. फादर ताठ उभे राहून मामांना इकडे धरा, तिकडे धरा सांगत होते. मामा हाताची घडी घालून उभे. "फादर, आधी वाका." शेवटी फादर वाकले, मग योसेफ हलला.

गावातलं कुठलंही प्रेत मामांच्या खांद्याशिवाय कबरस्थानात जात नाही. पुढची उजवी बाजू त्यांची. परत आल्यावर घरच्या माणसाजवळ बसतात आणि सांगतात, "सत्तेचाळीस. हलकी झाल्ती बिचारी." ऐकायला विचित्र वाटतं, पण लोकांना त्याने बरं वाटतं. आपलं माणूस कुणीतरी नीट उचललं होतं, एवढं त्यातून कळतं. जिवंत माणसाचा अंदाज मामा डोळ्यांनी करतात, मेलेल्याचा खांद्याने. टीव्हीवर कुण्या पुढाऱ्याची अंत्ययात्रा दाखवत होते तेव्हा पोरांनी मुद्दाम विचारलं, मामा, किती असेल? मामा म्हणाले, "मी उचललं न्हाई. मी कसं सांगू?"

त्यांचा अंदाज चुकतो तो एका माझ्याच बाबतीत. मी जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कारकून आहे. आमच्याकडे मोठा काटा आहे आणि त्यावर मी अडुसष्ट भरतो. मामा मला पंच्याहत्तर सांगतात. पूर्वी बरोबर सांगायचे. गेली नऊ वर्षं पंच्याहत्तर. मी एकदा काट्याची चिठ्ठी आणून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून परत दिली. "काटा दुरुस्त करून घ्या तुमचा."

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. आठवडाभर आधी कबरींना चुना लागतो आणि मी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवतो. ज्याने त्याने आपल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची. मी ती वहीत उतरवतो आणि कबरस्थानात मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, चालू असताना मोठ्याने वाचतो. प्रत्येक नावानंतर लोक म्हणतात, प्रभू, यांना विसावा दे. माझा आवाज बरा आहे, एवढ्यावर हे काम माझ्याकडे आलं.

मामांना मूलबाळ नाही. मार्थामामी लग्नानंतर चार वर्षांतच गेली. तरी डब्यातली सगळ्यात लांब चिठ्ठी मामांची, आणि तिच्यातलं पहिलं नाव दरवर्षी यहूदा इस्कार्योत.

पहिल्या वर्षी फादरांनी त्यांना बोलावून घेतलं. ज्याने प्रभूला धरून दिलं त्याच्यासाठी मिस्सा? मामांनी विचारलं, तो नरकातच आहे असं चर्चने लिहून दिलंय का? फादर प्रामाणिक होते. म्हणाले, तसं कुणाबद्दलच लिहून दिलेलं नाही. पण आपण 'सर्व मृत आत्मे' म्हणतोच, त्यात तोही आला.

"सगळे म्हणलं की त्यो मागं कोपऱ्यात उभा राहतो, फादर," मामा म्हणाले. "नावानं हाक मारल्याबिगर कोण पुढं येतंय?"

शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या अलीकडे, अडकलेल्या आत्म्यांना स्वतःसाठी काही करता येत नाही, जगणाऱ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असते, हे आम्ही सगळेच लहानपणी शिकलो. मामांनी ते हमालीच्या हिशेबाने समजून घेतलं. तिथे प्रत्येकाजवळ त्याचं पोतं आहे. नेतील ते, नेण्याची ताकद आहे. हात लावायला कुणी नाही.

म्हणून त्यांच्या यादीत कोणीही असायचं. जुन्या जालन्यातल्या सेठची आई, जी उन्हाळ्यात हमालांना ताक द्यायची. ती जैन होती, असं फादरांनी सौम्यपणे सुचवलं. ताक देताना तिने माझा धर्म विचारला नाही, असं मामांनी सौम्यपणे सांगितलं. वाटूरच्या फाट्यावर उलटलेल्या ट्रकचा ड्रायव्हर, ज्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठीवर 'वाटूरचा ड्रायव्हर'. मग सरकारी दवाखान्यातले बेवारस, 'असतील तेवढे'. यादी वाढत गेली, पोरं उन्हात चुळबुळू लागली, आणि फादरांनी मला सांगितलं, माणशी पाचच नावं घे. बाकीची गाळ.

मिस्सा संपली की मामा कबरस्थानाच्या मागच्या भिंतीजवळ जाऊन, पलीकडच्या तुरीकडे तोंड करून, गाळलेली नावं स्वतः खणखणीत आवाजात घ्यायचे. लोक हसायचे. म्हणायचे, चला, दुसरी मिस्सा सुरू झाली.

पण यादीतलं शेवटचं, अकरावं नाव ते तिथेही घेत नसत. आणि वहीत मी ते कधीच उतरवलं नाही. फादरांचा नियम नसता तरी उतरवलं नसतं.

ते नाव होतं दानियल. माझा थोरला भाऊ.

आता सांगतो. दानियल मामांबरोबरच हमाली करायचा. मग दारू लागली. एकदा माझ्या मुलांसमोर मी त्याला म्हटलं, या दारात पुन्हा येऊ नको. तो पुण्याला गेला आणि खरोखरच आला नाही. चार वर्षांनी दवाखान्यातून त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाला, येऊन जा एकदा. सोमवार होता. मी म्हटलं, रविवारी येतो. फोन आल्याचं घरी कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी दवाखान्यातून दुसरा फोन आला, तो गेल्याचा.

मी पिशवी भरली, सगळ्यांचा निरोप घेतला, जालन्याला गाडीत बसलो आणि थोड्याच अंतरावर, बदनापूर स्टेशनावर, उतरलो. त्याचं तोंड कसं पाहणार होतो? बाकावर दुपारपर्यंत बसलो. मग तिथल्या एका ओळखीच्या माणसाकडे, ऑफिसचं काम आहे असं सांगून, दोन दिवस राहिलो. घरी परत येऊन सांगितलं, माती दिली.

रविवारी देवळाबाहेर लोक जमले. कुणीतरी विचारलं, कुठल्या कबरस्थानात? मी खिशात उगाच रुमाल शोधू लागलो. तेवढ्यात मामा मध्ये घुसून ओरडले की माणूस एवढ्या लांबून दमून आलाय, प्रश्न काय विचारून राह्यले, चहा आणा. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. मला वाटलं, मामांना काही कळलं नाही, बरं झालं.

माझा भाऊ बेवारस गेला, असं मी नऊ वर्षं धरून चाललो. मामांच्या चिठ्ठीतले 'असतील तेवढे' मी भराभर वाचून पुढे जायचो. माझ्या घरच्या यादीत आई आणि वडील एवढीच नावं. दानियलचं का नाही, असं बायकोने, सुमतीने, एकदा विचारलं. मी म्हटलं, मनात घेतो. शनिवारी कन्फेशनच्या रांगेत उभा राहायचो, आत जाऊन राग आला, खोटं बोललो, एवढं सांगून बाहेर यायचो. कुठलं खोटं, ते कधी सांगितलं नाही.

यंदा मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑक्टोबर संपता संपता, एका दुपारी, काठी टेकत ओट्यावर आले. सुमती बचतगटाच्या बैठकीला गेली होती. म्हणाले, सॅमी, मला दिसत न्हाई, चिठ्ठी तू लिही. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, यहूदा. मग सेठची आई, मग ड्रायव्हर. दहा नावं झाली आणि ते थांबले. मी म्हटलं, झालं?

"अकरावं तुला ठावूक हाय."

मी पेन धरून बसलो. समोरच्या तारेवर कपडे वाळत होते, ते बघत राहिलो. चहा निवला. मग मला ऐकू आलं की मी बोलतोय. सोमवारचा फोन सांगितला, रविवार सांगितला, बदनापूरचा बाक सांगितला. माती दिली नाही, हे सांगितलं. माझा भाऊ बेवारस गेला, मामा, असं म्हटलं.

मामांनी डोळे पुसले. मोतीबिंदूने त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी येतं.

"छत्तीस," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"छत्तीस किलो व्हता. दोघं व्हतो उचलायला, मी आन तिथला एक वॉर्डबॉय. दोघांची गरज न्हवती."

बुधवारी दानियलने मामांच्या शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला होता. मामा रात्रीच्या बसने गेले, पोचले तेव्हा तासाभरापूर्वी तो गेलेला. दवाखान्यात विचारलं, तुम्ही कोण? "मामा हाय म्हणलं. खोटं न्हाई, अख्खं गाव मामाच म्हणतं. तरी कन्फेशनमंधी सांगून टाकलं. तीन नमो मारिया म्हणायचं प्रायश्चित्त भेटलं." जवळच्या देवळातल्या फादरांनी प्रार्थना म्हटली. कबरस्थानात नाव लिहिलेला क्रूस लावला. मामा दरवर्षी उन्हाळ्यात भाचीकडे जातो असं सांगून कुठे जायचे, ते मला त्या दुपारी कळलं. त्यांना भाची नाही.

मी विचारलं, नऊ वर्षं मला का सांगितलं नाही?

"तू ताठ उभा व्हता," मामा म्हणाले. "मी जवळच व्हतो की. दरसाल चिठ्ठी टाकून राह्यलो. पर आधी वाकावं लागतं, सॅमी."

मी कागदावर वाकलो आणि अकरावं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मामांचा तळवा माझ्या पाठीवर होता, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, पोतं चढवताना जिथे आधार देतात तिथे.

शनिवारी कन्फेशनला गेलो. या वेळी रांगेला बराच वेळ थांबावं लागलं.

दोन नोव्हेंबरला मी वही उघडली. फादरांनी पाचाचा नियम काढला नाही, मीही त्यांना विचारलं नाही. मामांची अकराच्या अकरा नावं वाचली. यहूदाला पोरं हसली, दरवर्षी हसतात तशी. दानियल म्हटल्यावर लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागून एकट्या मामांचा आवाज आला, प्रभू, यांना विसावा दे, आणि त्यामागून सगळ्यांचा.

यंदा मामा भिंतीकडे गेले नाहीत. त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून फाटकापर्यंत आणलं. तिथे थांबून त्यांनी त्या धुरकट डोळ्यांनी मला टाळूपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. काय दिसलं असेल कोण जाणे.

"एकाहत्तर."

मी म्हटलं, मामा, काट्यावर अडुसष्ट आहे.

"तीन किलो अजून हाय," ते म्हणाले आणि काठीने पुढे दाखवलं. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सुमती माझी वाट बघत उभी होती. दानियलचं नाव ऐकून तिने पदर तोंडाला लावलेला होता. पुण्याला मी त्याला माती देऊन आलो, असं ती अजून धरून चालली होती.

मामांनी माझा हात सोडला. मी तिच्याकडे निघालो.